काखेतली टाकी, हाताखालचा व्हॉल्व्ह

पाठीवर टाकी बांधून पाण्यात उतरणाऱ्याला ती कुठे बसते याचा विचार एकदाच करावा लागतो. पट्टा आवळला, टाकी जॅकेटला घट्ट बसली, की वर येईपर्यंत ती जागची हलत नाही. साइडमाउंटमध्ये दोन टाक्या दोन काखांखाली शरीराला समांतर लटकतात आणि प्रत्येक टाकी दोनच ठिकाणी धरलेली असते. वरच्या टोकाला व्हॉल्व्हभोवती बंजीची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीची पकड असते, तर खाली कमरेपाशी पट्ट्याला बांधलेला बोल्ट स्नॅप, म्हणजे खिट्टीने उघडणारा हूक, हार्नेसच्या (अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या) कडीत अडकवलेला असतो. या दोन बिंदूंच्या मध्ये टाकी पुढेमागे सरकते, स्वतःभोवती वळते, आणि हवा वापरली जाईल तसं तिचं वजनही बदलत जातं. त्यामुळे टाकी नेमकी कुठे असावी आणि व्हॉल्व्हचा नॉब कोणत्या दिशेला असावा यावर गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांत अनेक दशकं वाद चालू आहेत.

हा सगळा वाद पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की बहुतेक मतभेद खरे नाहीत. प्रत्येक परंपरेने आपल्या पाण्याला, आपल्या धातूला आणि आपल्या गुहेला उत्तर दिलं. ते उत्तर दुसऱ्याने आपल्या अंगावर जसंच्या तसं चढवलं, की गोंधळ सुरू होतो. पाणी कोणतंही असो, एक कसोटी मात्र बदलत नाही. डोळे मिटून हात नेला तर तो थेट नॉबवर पडला पाहिजे, आणि त्या नॉबला दोन्ही दिशांना पूर्ण फिरवता आलं पाहिजे.

साइडमाउंटची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. 1935 मध्ये सॉमरसेटमधल्या वुकी होल गुहेत ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड जड शिरस्त्राणाच्या जुन्या पोशाखात पाण्याखाली शिरले. बाल्कमच्याच पुढाकाराने 1946 मध्ये केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन झाला. तिथल्या गुहा मुख्यतः कोरड्या असतात, मधेमधे पाण्याने भरलेले बोगदे लागतात. माणूस तासन्‌तास सरपटत, चढत-उतरत जातो आणि मग थोडंसंच अंतर पाण्याखालून काढतो. पाठीवरची टाकी अशा भेगांत अडकते. म्हणून 1960 च्या दशकात तिथल्या गुहावीरांनी टाक्या कमरेच्या पट्ट्याला, मांडीलगत अडकवायला सुरुवात केली. पाणी गार आणि गढूळ, दिसणं जवळजवळ शून्य, अंतर कमी. शरीर पाण्यात सरळ आडवं राहतं की नाही याची तिथे कुणाला फिकीर नव्हती, कारण बरंचसं अंतर दोरी आणि खडक चाचपतच पार पडायचं. टाकी चटकन काढता यावी, पुढे ढकलता यावी, पुन्हा अडकवता यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

जुलै 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक ज्यांना पहिल्यांदा सापडले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन याच इंग्लिश परंपरेतले. गुहेतल्या पुराच्या पाण्यात हात पुढे केला तर तोही दिसत नव्हता. अशा ठिकाणी टाकीची जागा हाताला पाठ असावी लागते.

फ्लोरिडातली परिस्थिती उलटी होती. उत्तर फ्लोरिडातले झरे खोल, स्वच्छ आणि जोरदार प्रवाहाचे. संपूर्ण डाइव्ह पाण्याखालीच होते, आणि तळाशी बारीक गाळाचा थर असतो, ज्याला पायाचा नुसता धक्का लागला तरी परतीचा रस्ता दिसेनासा होतो. वुडी जॅस्पर, वेस स्काइल्स, लमार हायर्स यांच्यासारख्या डायव्हरांनी टाक्या मांडीवरून उचलून काखेत नेल्या, म्हणजे शरीर आणि टाक्या एका रेषेत येतील आणि प्रवाहाला तोंड देताना अडथळा कमी होईल. व्हॉल्व्ह काखेत ओढून धरायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे वापरले जायचे. हार्नेस घरी शिवलेले असायचे. हायर्सच्या डाइव्ह राइट कंपनीने 1990 च्या दशकात तयार हार्नेस बाजारात आणला. या डायव्हरांच्या टाक्या स्टीलच्या होत्या, आणि स्टीलची टाकी रिकामी झाली तरी साधारणपणे बुडूच पाहते. म्हणून फ्लोरिडाच्या हार्नेसमध्ये खालचा बोल्ट स्नॅप नितंबांवरच्या पट्टीला, म्हणजे बराच मागे आणि वरच्या अंगाला अडकवतात. टाकीची शेपटी खाली लोंबू नये म्हणून ती वरून धरलेली असते.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात तिसरं उत्तर तयार झालं. तुळूमच्या परिसरातल्या सेनोटे नावाच्या विवरांतून पाण्याखालच्या गुहांचं अफाट जाळं पसरलं आहे. जानेवारी 2018 मध्ये साक अक्तून आणि दोस ओहोस या दोन गुहा जोडलेल्या असल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्या जाळ्याची नोंदलेली लांबी 347 किलोमीटर झाली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना या गुहा कोरड्या होत्या. त्या काळी छतावरून वाढलेले चुनखडीचे लोलक आजही तसेच आहेत. टाकीची शेपटी वर उचलली गेली तर हजारो वर्षांचा लोलक तुटतो आणि तो परत येत नाही. याच गुहांमधल्या होयो नेग्रो या खड्ड्यात 2007 मध्ये सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीच्या किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तिथे टाकी नीट बसवणं हा त्या जागेचा मान राखण्याचाही भाग आहे.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी सगळीकडे अल्युमिनियमच्या टाक्या मिळत, म्हणून गुहावीरांनीही त्याच वापरल्या. स्टीव्ह बोगार्ट्स या गुहा-डायव्हरने या टाक्यांसाठी रेझर नावाचा अतिशय हलका, जवळजवळ नुसत्या पट्ट्यांचा हार्नेस लोकप्रिय केला. अल्युमिनियमचं वागणं स्टीलच्या नेमकं उलट असतं, आणि टाकीच्या जागेचा निम्मा प्रश्न इथेच आहे, म्हणून थोडे आकडे पाहू.

जगभर सर्वात जास्त चालणारी अल्युमिनियमची टाकी आतून सुमारे 11.1 लिटरची असते आणि 207 बार दाबाने भरतात. म्हणजे साधारण 2300 लिटर हवा आणि तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात ही टाकी भरलेली असताना सुमारे पाऊण किलो जड असते, पूर्ण रिकामी झाली तर सुमारे दोन किलोने तरंगते. व्हॉल्व्ह आणि त्यावर चढवलेला रेग्युलेटरचा (श्वासासाठी हवेचा दाब कमी करणाऱ्या यंत्राचा) फर्स्ट स्टेज पितळेचे, जड, आणि तेही वरच्या टोकाला. त्यामुळे टाकी हलकी होते तेव्हा मान खालीच राहते आणि शेपटी वर उचलते. डाइव्हच्या सुरुवातीला ज्या टाक्या शरीराला अगदी समांतर होत्या, त्याच परतीच्या वाटेवर शेपट्या उंचावून पायांच्या वर येतात.

याचं उत्तर म्हणजे बोल्ट स्नॅपची जागा बदलणं. सुरुवातीला तो कमरेच्या मागच्या कडीत असतो. टाकी हलकी झाल्यावर तो सोडून कमरेच्या पुढच्या, पोटाकडच्या कडीत घातला, की शेपटी खाली ओढली जाते. काही हार्नेसमध्ये कमरपट्ट्यावर सरकणाऱ्या कड्या असतात, म्हणजे स्नॅप न काढता कडीच पुढे घेता येते. स्टील वापरणाऱ्याला हे करायची फारशी गरज पडत नाही. मेक्सिकोत शिकलेला डायव्हर फ्लोरिडात जाऊन पुढच्या कडीत स्नॅप घालतो आणि त्याच्या स्टीलच्या टाक्यांची शेपटी गाळात जाते. फ्लोरिडाची नितंबपट्टी घेऊन अल्युमिनियम लावणाऱ्याच्या टाक्या परतीच्या वाटेवर छताला लागतात. दोघेही आपापल्या शिक्षकाचं बोट धरून चाललेले असतात आणि दोघांनाही वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय. खरं तर त्यांच्या अंगावर दुसऱ्या धातूसाठीचं उत्तर बसवलेलं असतं.

गोडं पाणी आणि खारं पाणी हा फरकही लहान नाही. या टाकीचा बाहेरचा आकार सुमारे साडेसोळा लिटर पाणी बाजूला सारतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. म्हणजे सेनोट्यात तीच टाकी समुद्रापेक्षा जवळजवळ चारशे ग्रॅमने जड वागते. मेक्सिकोत ज्या क्षणी स्नॅप पुढे घ्यावा लागतो, समुद्रात तो क्षण बराच आधी येतो.

आता बसवणीकडे. टाकीभोवती कॅम पट्टा किंवा स्टीलचा होज क्लॅम्प असतो आणि त्याला दोरीने बोल्ट स्नॅप बांधलेला असतो. दोरीनेच बांधतात, कारण स्नॅप अडकून बसला तर चाकूने कापता आला पाहिजे. हा पट्टा टाकीच्या कोणत्या उंचीवर आहे यावर व्हॉल्व्ह कुठे येणार हे ठरतं. कमरेची कडी जागच्या जागी आहे. पट्टा तळाकडे सरकवला तर टाकी पुढे जाते आणि व्हॉल्व्ह काखेतून बाहेर, चेहऱ्याच्या दिशेला येतो. पट्टा मानेकडे सरकवला तर टाकी मागे जाते. दोन सेंटिमीटरचा फरकही हाताला लगेच कळतो. दोरी लांब असेल तर टाकी अंगापासून सुटते आणि झुलते. फार आखूड असेल तर जाड हातमोजे घातलेल्या हाताला स्नॅप उघडता येत नाही.

पट्ट्याची उंची शरीराच्या लांबीवर ठरते. ही टाकी सुमारे 66 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर व्यासाची असते. उंच माणसाच्या काखेपासून कमरेपर्यंतच्या अंतरात तिचा बराचसा भाग मावतो. बुटक्या धडाच्या डायव्हरला पट्टा बराच वर, मानेकडे न्यावा लागतो. मग पट्ट्याच्या मागे टाकीची लांब शेपटी मोकळी राहते आणि तिला उचलणारी तरफही तेवढीच लांब होते. त्यामुळे बुटक्या डायव्हरच्या अल्युमिनियमच्या टाक्या उंच डायव्हरपेक्षा लवकर आणि जास्त उचलतात. हे कौशल्याचं अपयश नाही. तिथे लहान टाकी किंवा स्नॅप पुढे घेण्याची आणखी एक पायरी, हाच खरा उपाय. आपल्याकडच्या डायव्हरांना, विशेषतः मुलींना, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

दुसरी गोष्ट पट्ट्याचं वळण. स्नॅप टाकीच्या परिघावर ज्या बिंदूपाशी आहे तो बिंदू कमरेच्या कडीकडे वळतो. म्हणून नॉब आणि स्नॅप यांच्यातला कोन बदलला की संपूर्ण टाकी स्वतःभोवती फिरते आणि नॉबची दिशा बदलते. नॉब जरा खाली-बाहेर हवा असेल तर पट्टा थोडा फिरवून पाहायचा. बंजीशी झटापट करणारे पुष्कळ जण दिसतात. दोष बहुधा खालच्या पट्ट्यात असतो.

तरी बंजीचा प्रश्न उरतोच. साधारण 8 ते 10 मिलिमीटर जाडीची ही दोरी पाठीमागून, खांद्याच्या पात्याखालून काखेतून येते, व्हॉल्व्हच्या मानेला वळसा घालते आणि छातीवरच्या कडीशी संपते. काही जण दोन्ही बाजूंना मिळून एकच अखंड दोरी लावतात, काही जण प्रत्येक बाजूला वेगळी. अखंड दोरी तुटली तर दोन्ही टाक्या एकदम सुटतात, म्हणून माझा कल वेगळ्या दोऱ्यांकडे आहे. तिसऱ्या पद्धतीत टाकीच्या मानेला छोटा दोर आणि स्नॅप लावून तो बंजीवरच्या धातूच्या कडीत अडकवतात. यात नॉब पूर्ण मोकळा राहतो आणि जड स्टीलही नीट धरलं जातं, पण एक स्नॅप आणि एक कडी वाढते. कोणतीही पद्धत असो, टाकीच्या मानेभोवती एक राखीव दोर असावा, म्हणजे बंजी तुटली तरी टाकी शेपटीवर लोंबकळत राहणार नाही. ऊन आणि मीठ रबराची ताकद हळूहळू खातात, आणि ताण नेमका किती उरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

बंजी ढिली असेल तर व्हॉल्व्ह छातीखाली लोंबतो, टाकीचं नाक खाली जातं आणि तळाशी घासतं. फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह काखेच्या मागे, वर ओढला जातो. हा दुसरा दोष फोटोत दिसत नाही, उलट फोटो सुंदर येतो. टाक्या अंगाला चिकटलेल्या, रेषा सरळ. पण नॉब अशा ठिकाणी गेलेला असतो जिथे कोपर वाकूनही बोटं पोचत नाहीत. साइडमाउंटमध्ये फोटोवरून टाक्यांची जागा ठरवण्याची जी सवय पसरली आहे, ती मला धोक्याची वाटते. बाजूने आणि वरून काढलेला व्हिडिओ जरूर पाहावा, शेपटी किती उचलली ते त्यातच कळतं. पण व्हॉल्व्ह हाताखाली आहे की नाही हे कॅमेरा सांगत नाही.

नॉब हाताखाली असण्याचं महत्त्व बिघाडाच्या वेळी कळतं. दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीचा रेग्युलेटर बिघडून हवा उधळायला लागला तर ती टाकी बंद करून दुसरीवर जायचं. पण बिघडलेल्या टाकीतली हवाही वापरता येते. नॉब किंचित उघडायचा, एक श्वास घ्यायचा, पुन्हा बंद करायचा, आणि असं करत बाहेर पडायचं. पाठीवरच्या टाकीच्या बाबतीत हे फार अवघड, साइडमाउंटमध्ये ते शक्य होतं, कारण व्हॉल्व्ह समोर असतो. त्याच बाजूच्या हाताने जमलं पाहिजे आणि छातीवरून पलीकडे नेलेल्या दुसऱ्या हातानेही. गुहा-डायव्हर शेक एक्सलीने 1979 मध्ये गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून एक तृतीयांश हवा आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखून ठेवायला, हा नियम रुजवला. ती राखीव हवा ज्या व्हॉल्व्हमागे आहे तो हाताला सापडला नाही तर तिचा उपयोग नाही.

नॉब आपोआप बंद होण्याचाही एक धोका असतो. नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरला की व्हॉल्व्ह बंद होतो. दोन्ही नॉब बाहेरच्या बाजूला असतील आणि पुढे जाताना वरचा खडक घासला, तर डाव्या टाकीचा नॉब बंद होण्याच्या दिशेला फिरतो, उजवीचा उघडण्याच्या. अरुंद जागेतून बाहेर आल्यावर डाव्या हाताने डावा नॉब तपासण्याची सवय त्यामुळेच लावून घ्यायची असते.

हवा कोणत्या टाकीतून किती घ्यायची हेही जागेशी जोडलेलं आहे. एकाच टाकीतून बराच वेळ श्वास घेतला तर ती बाजू हलकी होऊन शरीर एका अंगाला कलतं. थोड्या थोड्या अंतराने रेग्युलेटर बदलला की दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि राखीव हवाही दोन्हीकडे वाटली जाते.

गोव्याजवळचं ग्रँड बेट, मालवणचा किनारा, मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी, इथे पर्यटकांना एकच टाकी पाठीवर देतात आणि तिथल्या छोट्या डाइव्हना ते योग्यच आहे. पण पाठीच्या दुखण्यामुळे किंवा पुढे गुहांकडे जायचं म्हणून साइडमाउंटकडे वळणारे मराठी डायव्हर आहेत, आणि त्यांना समुद्रातच सराव करायचा असतो. मिळते ती अल्युमिनियमची टाकी, खारं पाणी आणि हलणारी होडी. म्हणजे मेक्सिकोचं उत्तर जवळचं, पण स्नॅप पुढे घेण्याची वेळ लवकर. होडीत दोन टाक्या बांधून उभं राहणं कमरेला झेपत नाही, म्हणून टाक्या पाण्यात घेऊन लावायला शिकावं, आणि ते आधी तरणतलावात पक्कं करावं. क्रम असा ठेवावा: हार्नेसचे पट्टे अंगाला घट्ट, मग टाकीच्या पट्ट्याची उंची, मग त्याचं वळण, सगळ्यात शेवटी बंजी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

भाड्याच्या टाक्यांबरोबर एक अडचण हमखास येते. साइडमाउंटसाठी डाव्या-उजव्या हाताचे वेगवेगळे व्हॉल्व्ह मिळतात, त्यामुळे दोन्ही टाक्या आरशातल्यासारख्या बसतात. भाड्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह एकाच हाताचे असतात. दोन्ही नॉब बाहेरच्या बाजूला ठेवले तर डाव्या टाकीत रेग्युलेटर लावायचं तोंड वर येतं आणि उजव्या टाकीत खाली. उलट दोन्ही तोंडं आतल्या बाजूला, छातीकडे घेतली तर डावा नॉब वर, काखेत घुसतो आणि उजवा खाली जातो. हे दुसरं दिसायला नीटनेटकं, नळ्याही छान बसतात, पण डावा नॉब ऐनवेळी सापडत नाही. मी पहिलंच निवडेन. उजव्या टाकीचा फर्स्ट स्टेज खाली लोंबतो, त्यामुळे वाळूपासून थोडं वर राहावं लागतं, आणि त्या बाजूची प्रेशर गेजची नळी वेगळ्या तोंडातून वळवून घ्यावी लागते. ते काम होडीवर चढण्याआधी किनाऱ्यावरच उरकून घ्यावं.